रोशा तेल आणि थेंबांचा हिशेब
सातपुड्याच्या उतारांवर वाढणारे रोशा गवत, ज्याला तिखाडी असेही म्हणतात, नंदुरबारसह जुन्या खानदेशात एकोणिसाव्या शतकात भट्टीवर चढत असे. पाण्यासह तापवून निघालेली वाफ थंड करण्याच्या, म्हणजेच ऊर्ध्वपातनाच्या, क्रियेतून मिळणारे हे बाष्पशील सुगंधी तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानपर्यंत जाई आणि महागड्या गुलाबतेलात भेसळीसाठी वापरले जाई, कारण जिरॅनिऑल हा सुगंधी घटक दोहोंत आढळतो. दुखऱ्या सांध्यांवर चोळण्यासाठी आणि डासांना दूर ठेवण्यासाठी त्याचा घरगुती उपयोग परंपरेने होत आला असला, तरी नवख्याने ते थेट त्वचेवर लावू नये: 10 मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात, म्हणजेच सुगंधी तेल सौम्य करणाऱ्या वाहक तेलात, सुमारे 4 थेंब मिसळल्यास साधारण 2 टक्के मिश्रण होते, आणि तेही आधी हाताच्या आतील बाजूस किंचित लावून एक दिवस खाज वा लाली येते का ते पाहावे. अशी तेले पोटात घेऊ नयेत. निलगिरी तेल व कापूर तर लहान मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नयेत, कारण ते गिळल्यास झटके येऊ शकतात, आणि सूज किंवा वेदना टिकून राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे ठरते.