यंत्र आपले, किल्ली परक्याची

तारापूर अणुवीजकेंद्राची पहिली दोन युनिटे १९६९ साली सुरू झाली. ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. इंधनाचा करार १९६३ सालचा, मुदत तीस वर्षांची. १९७४ साली पोखरणला अणुस्फोट झाला, १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुरवठ्याचा हात आखडला. पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशी दारे ठोठवावी लागली. अणुस्फोटाचे बरेवाईट बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरतेच. यंत्र बिघडले नव्हते. त्याला जगविणारी वस्तू दुसऱ्याच्या तिजोरीत होती.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि पालघरच्या कचेऱ्यांत हाच प्रश्न आज लहान आकारात उभा आहे. छपाईयंत्र असो, वजनकाटा असो वा प्रयोगशाळेतील मापक, संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणासाठी ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली लागते. ती संगणक आणि उपकरण यांच्यामधील दुभाषी होय. संगणकाची कार्यप्रणाली बदलली की या दुभाष्याला नवी भाषा शिकवावी लागते. शिकविण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे असेल आणि तिचा नफा नवे उपकरण खपविण्यात असेल, तर चालते यंत्र भंगारात जाणार हे उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. असंख्य सुस्थितीतील संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. झीज यंत्राची नव्हे. ती हिशेबवहीत ठरविली जाते.

या मक्तेदारीला उत्तर आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. मूळ संहिता नाकारली गेली. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलींची चळवळ उभारली. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा पाया घातला. तेथे नियम असा की, कालपर्यंत चालणारा वापरकर्त्याचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीमुळे बंद पडता कामा नये. आतील रचना मात्र सतत बदलते. पण जो ती बदलतो त्यानेच सामाईक भांडारातील सर्व ड्रायव्हर तिच्याशी जुळवून द्यावयाचे असतात. जे ड्रायव्हर या भांडाराबाहेर, कंपनीच्या कुलुपात राहतात, ते मागे पडतात. सामाईक मालकीचा व्यावहारिक लाभ यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

यावर आक्षेप असा की, जुन्याचे ओझे किती काळ वाहावयाचे? आक्षेप पोकळ नाही. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्सनेही २०१२ साली काढून टाकला. ज्या ड्रायव्हरला वापरणारा, तपासणारा आणि सांभाळणारा कोणी उरत नाही, तो अखेर जातो. संहिता खुली झाली म्हणून देखभाल फुकट होत नाही. तीही मानवी श्रमच आहे. लिनक्सवरील बरेचसे काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारदार अभियंते करतात आणि त्यांना प्रिय ते यंत्र आधी जगते. बोईसरच्या लहान कारखानदाराचे किंवा तेथील कंत्राटी कामगाराचे यंत्र त्यांच्या यादीत असेलच असे नाही. म्हणून प्रश्न केवळ परवान्याचा नसून श्रम कोणासाठी खर्च होतात याचा आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांनी तर मुक्त कार्यप्रणाली प्रत्यक्ष राबवून दाखविली आहे. महाराष्ट्रातही सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक उपकरणाबरोबर त्याच्या ड्रायव्हरची संहिता मिळालीच पाहिजे, अशी अट खरेदीच्या करारात घालता येईल. पालघर जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या देखभालीचे शिक्षण देता येईल आणि तिच्यासाठी वेतन असलेली पदे निर्माण करता येतील. कामगार संघटनांनी आपापल्या कारखान्यातील अशा यंत्रांची यादी करण्यापासून आरंभ करावा. यंत्र बंद पडल्यावर कामगार घरी बसतो. त्या यंत्राची किल्ली कोणाच्या हाती आहे हे विचारण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे.