थांबण्याचं भाडं

"टेस्ट चांगली आहे, सरकारी मान्यता मिळाली आहे, पेशंट लाखोंनी आहेत, मग हा शेअर वर का जात नाही?" हा प्रश्न मला मित्रमंडळींकडून अधूनमधून ऐकायला मिळतो. विचारणारे बहुतेक आमच्याच धंद्यातले, म्हणजे सॉफ्टवेअरवाले. आमची सवयच तशी. शुक्रवारी रिलीज करायचं (खरं तर शुक्रवारी कोणी शहाणा माणूस रिलीज करत नाही, पण असो), सोमवारी दहा हजार लोक वापरायला लागतात आणि मंगळवारी ते शिव्या घालतात. माल चांगला असेल तर महिन्याभरात कळतं, वाईट असेल तर त्याआधी.

निदानाच्या टेस्ट बनवणाऱ्या कंपन्यांना हे गणित लावलं की पैसे अडकतात. माझं मत असं की इथे टेस्ट चांगली आहे का हा प्रश्न अर्धासुद्धा नाही. टेस्ट चांगली ठरल्यापासून ती डॉक्टरांच्या हातात रुळेपर्यंत जी वर्षं जातात, त्या वर्षांचं भाडं कोण भरतो हे आधी बघायला हवं. बहुतेक वेळा ते शेअरहोल्डर भरतो, आणि पावतीसुद्धा मिळत नाही.

यासाठी अमेरिकेतल्या एक्झॅक्ट सायन्सेस या कंपनीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. कंपनी १९९५ सालची, २००१ च्या जानेवारीत शेअर बाजारात आली. कल्पना अशी की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी शौचातून बाहेर पडतात, त्यांच्यातला डीएनए तपासला तर कोलोनोस्कोपीची नळी न घालताही कॅन्सरचा संशय घेता येईल. पहिली टेस्ट २००३ मध्ये बाजारात आली. डॉक्टर लिहून देईनात, विमा कंपन्या पैसे देईनात. त्यात २००७ मध्ये एफडीएने पत्र पाठवलं की ही टेस्ट आमच्या मंजुरीशिवाय विकता येणार नाही. २००८ च्या शेवटी शेअर एका डॉलरच्या खाली होता. कल्पनेत खोट नव्हती, पण कंपनी जवळजवळ संपली होती.

२००९ मध्ये केव्हिन कॉनरॉय हे नवे प्रमुख आले, मेयो क्लिनिकच्या डेव्हिड अॅल्क्विस्ट यांचं संशोधन हाती आलं, कंपनीने बाडबिस्तरा उचलून विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन गाठलं. मग पाच वर्षं काम. सुमारे दहा हजार लोकांवर चाचणी झाली, निकाल २०१४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले. कॅन्सर असलेल्या १०० जणांपैकी ९२ जणांना टेस्टने पकडलं. त्याच वर्षी ११ ऑगस्टला एफडीएची मंजुरी आली, आणि त्याच दिवशी सरकारी विमा योजना मेडिकेअरने पैसे देण्याचा प्रस्ताव जाहीर केला. असं दोन्ही एकदम होणं ही त्या काळात नवलाईच होती. टेस्टचं नाव कोलोगार्ड, किंमत ५०० डॉलरच्या आसपास.

आता सांगा, आणखी काय हवं? एखाद्या स्टार्टअपवाल्याने इथेच पेढे वाटले असते.

आणि पुढे काय झालं? २०१५ या पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे १ लाख ४ हजार टेस्ट झाल्या, उत्पन्न ३.९ कोटी डॉलर. तोटा मात्र १५ कोटींच्या वर. अमेरिकेत ही तपासणी व्हायला हवी अशा वयाचे लोक कोट्यवधी आहेत, त्यात हा आकडा म्हणजे दर्या में खसखस.

हे इतकं हळू का चालतं ते जरा तपशिलात बघू, कारण सगळी गंमत इथेच आहे. आपल्या मालाला एक गिऱ्हाईक असतं. या टेस्टला किमान चार आहेत. पेशंट वापरतो पण निवडत नाही. डॉक्टर निवडतो पण पैसे देत नाही. विमा कंपनी पैसे देते पण पेशंटचं तोंडही बघत नाही. आणि चौथी असते एक समिती, जी यातलं काहीच करत नाही, फक्त कागद काढते, आणि त्या कागदाकडे बाकीचे तिघे बघत बसतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर चार सर्व्हिसेस एकापुढे एक जोडलेल्या, चौघांचा होकार आल्याशिवाय रिक्वेस्ट पूर्ण होत नाही, आणि टाइमआउट म्हणून जो काही असतो तो वर्षांत मोजायचा.

डॉक्टरचंच घ्या. त्याच्याकडे पेशंटमागे पंधरा मिनिटं. गेली वीस वर्षं तो सांगतोय "कोलोनोस्कोपी करून घ्या". आता त्याने नवी टेस्ट का सुचवायची? सुचवायची तर फॉर्म वेगळा, आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांत अजूनही फॅक्स चालतो, हसू नका. म्हणून दवाखान्यात वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरचं बटण येणं ही या कंपनीसाठी मोठी घटना असते. इकडे आपण बटणाचा रंग निळा की हिरवा यावर दोन मीटिंगा करतो, तिकडे बटण असणं हाच धंदा.

डॉक्टरने लिहून दिलं की डबा पेशंटच्या घरी जातो. आता त्या बिचाऱ्याने त्या डब्यात... असो, समजून घ्या. मग तो कुरियरने ठरावीक तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. तीनातले साधारण दोनच डबे परत येतात. तेवढे यावेत म्हणूनसुद्धा कंपनीला कॉल सेंटर उभारावं लागलं, आजोबा-आजींना आठवणीचे फोन करायला. वर टीव्हीवर डब्याचं बोलणारं कार्टून. हा सगळा खर्च टेस्टच्या शास्त्राचा नाही, सवय बदलण्याचा आहे, आणि तो दर तिमाहीत करावा लागतो.

राहिली समिती. यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स, म्हणजे सोळा तज्ज्ञ, बिनपगारी. त्यांनी एखाद्या तपासणीला 'ए' किंवा 'बी' श्रेणी दिली की कायद्याने खासगी विमा कंपन्यांना ती पेशंटकडून पैसे न घेता द्यावी लागते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये या मंडळींचा मसुदा आला. त्यात कोलोगार्ड मुख्य यादीत नव्हती, 'पर्यायी' म्हणून बाजूला होती. एका दिवसात शेअर ४६ टक्के पडला. पुढच्या काही महिन्यांत तो पाच डॉलरच्या आसपास पोचला. २०१६ च्या जूनमध्ये अंतिम कागद आला, त्यात वेगळी बाजू वगैरे काही नाही, सगळ्या पद्धती एकाच पंगतीत. शेअर पुन्हा चढायला लागला. या आठ महिन्यांत टेस्टमधला एक रेणूही बदललेला नव्हता.

समितीला शिव्या देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. शौचातलं रक्त शोधणारी साधी टेस्ट वीस-पंचवीस डॉलरला मिळते. ती त्याच चाचणीत १०० पैकी ७४ कॅन्सर पकडत होती आणि निरोगी माणसांना उगाच घाबरवण्याचं तिचं प्रमाण कोलोगार्डपेक्षा कमी होतं. दरवर्षी स्वस्त टेस्ट की तीन वर्षांनी महाग, हा वाद खरा आहे. आणि घाई केली की काय होतं तेही आपण बघितलंय. थेरानॉसने २०१३ पासून औषधांच्या दुकानांत बोटाच्या थेंबावर रक्ततपासण्या चालू केल्या, गुंतवणूकदारांकडून ७० कोटी डॉलरहून जास्त गोळा केले, आणि २०१६ मध्ये दोन वर्षांचे निकाल रद्द करायची वेळ आली. तिथे हे चार होकार घ्यायला कोणी थांबलंच नव्हतं. उद्या माझ्या आईची तपासणी करायची असेल तर मला हा संथ कारभारच हवा. शेअरहोल्डर म्हणून मात्र तोच मला खातो. एकाच माणसाच्या या दोन गरजा आहेत, त्यांचा मेळ बसत नाही, आणि बसायलाच हवा असंही नाही.

आता भाड्याकडे येतो. तोट्यातली कंपनी थांबते कशी? नवे शेअर्स विकून किंवा कर्ज काढून. एक्झॅक्ट सायन्सेसने दोन्ही केलं. २०१४ संपताना कंपनीचे शेअर्स नऊ कोटींच्या आत होते, भाव सुमारे २७ डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅबटने कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं, १०५ डॉलर प्रति शेअर, एकूण सुमारे २१ अब्ज डॉलर. म्हणजे कंपनीची किंमत जवळजवळ नऊपट झाली, पण एका शेअरची चारपटसुद्धा नाही. मधला फरक नव्या शेअर्सनी खाल्ला. (त्यातले काही २०१९ मध्ये जीनोमिक हेल्थ ही कंपनी घेताना दिले, त्याबदल्यात धंदाही मिळाला, हे मान्य.)

चारपट काही वाईट नाही, असं म्हणाल. पण ती अकरा वर्षांत. त्याच अकरा वर्षांत एस अँड पी ५०० चा साधा इंडेक्स फंड, लाभांश धरून, जवळपास तितकाच वाढला. इंडेक्सवाला निवांत झोपला होता. हा शेअर मात्र २७ वरून ५, मग २०२१ मध्ये दीडशेच्या वर, २०२२ मध्ये तिशीच्या आसपास, आणि शेवटी १०५. आणि ही तर यशाची गोष्ट आहे! उत्पन्न १८ लाख डॉलरवरून २०२४ मध्ये २.७६ अब्जांवर गेलं, तरी त्या वर्षीचा तोटा एक अब्जाच्या वर होता (त्यातला मोठा भाग कागदोपत्री निर्लेखनाचा, पण तोटा तो तोटाच). पैसे कमावले ते २०१६ च्या सुरुवातीला पाच-सहा डॉलरला घेऊन बसलेल्यांनी. दीडशेला 'आता जग बदलणार' म्हणत घेतलेल्यांना अॅबटच्या भावातही खोट आली.

"आपल्याकडे तसं नसतं, लाल पॅथलॅब्ज बघ, मेट्रोपोलिस बघ," असं कोणीतरी म्हणेलच. बरोबर, पण त्या नव्या टेस्ट शोधून विकणाऱ्या कंपन्या नव्हेत. सगळ्यांना मान्य असलेल्या टेस्ट करून देणाऱ्या साखळ्या आहेत, आणि पैसे बहुतेक वेळा पेशंटच खिशातून देतो. चारपैकी तीन गिऱ्हाइकं तिथे एकाच माणसात असतात. आपल्याकडचं खरं जोडीदार उदाहरण गोव्याच्या मोलबायोचं. त्यांचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र टीबी शोधतं. त्यामागचं बंगळुरूतलं संशोधन २००० च्या सुमाराचं, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा होकार २०२० चा. वीस वर्षं! त्याच वर्षी कोविड आला, तेच यंत्र कोविडच्या तपासणीला लागलं आणि एरवी जिथे पोचायला वर्षं गेली असती तिथे पोचलं. असल्या योगायोगावर कोणी एक्सेल मॉडेल बांधू नये.

एक शेवटचा मुद्दा. वाट मळली की तिच्यावरून दुसरेही चालतात. २०२४ च्या जुलैमध्ये गार्डन्ट हेल्थच्या रक्तावरच्या टेस्टला एफडीएची मंजुरी मिळाली. डब्याची कटकट नाही, दंडातून रक्त काढलं की झालं. १०० पैकी ८३ कॅन्सर ती पकडते, पण कॅन्सर होण्याआधीच्या धोकादायक गाठी १०० पैकी १३च (कोलोगार्ड ४२). आता हीसुद्धा त्याच चार दारांपुढे आली आहे. मला कोणी त्या शेअरबद्दल विचारलं तर ८३ चा आकडा मी नंतर बघेन. आधी बँकेत किती रोकड आहे, दर तिमाहीला किती जळते, आणि गेल्या तीन वर्षांत शेअर्सची संख्या किती वाढली, हे तीन आकडे कागदावर लिहायला सांगेन. ते वार्षिक अहवालातच असतात, फक्त फोटो संपल्यावर पुढे.