पत्र पोचलं, पण पत पोचली का?



कलघटगी म्हटलं की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना आधी पाळणा आठवतो. लाकडाचा, रंगवलेला, देवादिकांच्या चित्रांनी भरलेला. घरात बाळ येणार असलं की हा पाळणा मागवायची हौस आजही आहे. फरक इतकाच, की आता पसंती मोबाइलवर फोटो पाहून होते आणि भावाची विचारणा ई-मेलने. म्हणून या वेळी पाळण्याच्या निमित्ताने ई-मेलविषयी लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी घरचा व्यवसाय ऑनलाइन नेत असेल, कुणी मंडळाची पत्रं पाठवत असेल, त्यांना हे उपयोगी पडेल.

माझ्या ओळखीच्या एक वहिनी हुबळीत राहतात. कारागिरांकडून पाळणे घेऊन त्या बाहेरगावी पाठवतात. गेल्या वर्षी पुण्याहून एका घराने पाळण्याचा भाव विचारला. वहिनींनी त्याच संध्याकाळी भाव, माप, पोचवण्याची तारीख, सगळं नीट लिहून मेल पाठवला. उत्तर नाही. दहा दिवसांनी फोन केला तेव्हा कळलं, की तो मेल स्पॅममध्ये पडून होता. ‘तुमच्याकडून काही आलं नाही’ म्हणून त्या मंडळींनी दुसरीकडून पाळणा घेतलाही होता.

वहिनी म्हणाल्या, “अगं, पण माझ्याकडे तर मेल गेला असं दिसतंय!”

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. मेल पाठवणारी सेवा ‘पोचला’ म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्या सर्व्हरने तो ठेवून घेतला. इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये, हे त्यात कळत नाही. ‘इतक्या जणांनी उघडला’ हा आकडाही आता फारसा भरवशाचा नाही. मेलमध्ये लपवलेलं बारीकसं चित्र उतरलं की मेल उघडला, असं मोजतात. पण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं माणसाने मेल न उघडताही आपोआप उतरवून घेण्याची सोय आहे. त्यामुळे उत्तरं किती आली, मागणी किती आली, हाच खरा हिशेब.

आता मेल स्पॅममध्ये का जातो ते पाहू. आपल्या देशात पत्रं अचूक पोचावीत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, हा सगळा गोंधळ सहा आकड्यांनी आवरला. टपालापुढचा प्रश्न होता, पत्र घेणारा नेमका कुठे राहतो? ई-मेलचा प्रश्न नेमका उलटा आहे. घेणाऱ्याचा पत्ता चोख असतो. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे मात्र समजत नाही. मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावरची माणसं थोडी होती, म्हणून ‘प्रेषक’ या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहावं, विचारणारं कुणी नव्हतं. तसा आगंतुक जाहिरातींचा त्रास त्याच्याही आधीचा. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो.

प्रेषकाची ओळख पटवायला पुढे तीन गोष्टी आल्या. नावं अवघड आहेत, काम सोपं.

पहिली एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची जाहीर यादी. दुकानाच्या नावाने उधारी कोण आणू शकतो, हे वाण्याला आधीच सांगून ठेवावं, तसं.

दुसरी डीकेआयएम. प्रत्येक मेलवर उमटणारी डिजिटल मोहोर. पाकिटावरची लाख फुटली की पत्र कुणी उघडलं हे कळायचं; तसंच वाटेत मजकूर बदलला तर ही मोहोर जुळत नाही.

तिसरी डीमार्क. यादी आणि मोहोर दोन्ही जुळली नाहीत, तर मेलचं काय करायचं, याची सूचना. नुसतं लक्ष ठेवा, स्पॅममध्ये टाका, की परत पाठवा, अशा तीन पायऱ्या आहेत. सुरुवात पहिल्या पायरीने करावी, अहवाल पाहावेत आणि मग पुढे जावं.

या तिन्ही नोंदी डोमेन जिथून घेतलं तिथल्या सेटिंगमध्ये करायच्या असतात. मेल पाठवणारी सेवा नेमका मजकूर देते, तो तिथे चिकटवायचा. तासाभराचं काम.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याची सक्ती केली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात. लहान व्यावसायिकांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवीच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलच्या खात्यांसाठी मोठ्या प्रेषकांना असेच नियम लावले. आणखी एक गोष्ट अनेक घरगुती व्यावसायिकांना ठाऊक नसते. स्वतःचा फुकटचा जीमेल पत्ता प्रेषक म्हणून टाकून दुसऱ्याच सेवेतून शेकडो मेल सोडले, तर गूगल त्यांना तोतया समजून स्पॅममध्ये ढकलू शकतं. व्यवसायासाठी स्वतःचं डोमेन घ्या.

वहिनींच्या डोमेनवर एसपीएफ होतं, बाकी दोन नव्हत्या. त्या करून घेतल्या. पण खरं दुखणं दुसरीकडे होतं. दिवाळीच्या आधी त्यांनी सुमारे २२०० पत्त्यांवर जाहिरातीचा मेल पाठवला होता. त्यातले बरेचसे पत्ते कुणाकडून तरी विकत घेतलेल्या यादीतले. ज्यांनी वहिनींचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं. काही पत्ते बंद पडलेले होते.

ओळख पटली म्हणजे पत मिळाली असं नाही. पतपेढीत आधार कार्ड दाखवलं म्हणून कर्ज मिळत नाही. आधीचे हप्ते कसे फेडले ते पाहतात. मेल सेवाही डोमेनची अशीच पत ठेवतात. गूगलची मर्यादा स्पष्ट आहे: तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ टक्क्यांना पोचूच देऊ नका. म्हणजे इनबॉक्समध्ये गेलेल्या हजार मेलमागे तीन माणसं वैतागली, की तुम्ही धोक्याच्या रेषेवर. आणि ही पत सगळ्या डोमेनची असते. दिवाळीच्या जाहिरातीने ती घालवली आणि पुण्याच्या त्या घरासाठी मनापासून लिहिलेलं उत्तर तिच्यापायी बुडालं. जाहिरात कुणी वाचली नाही तर फारसं बिघडत नाही. ज्या पत्राची कुणी वाट पाहत असतं, ते हरवतं तेव्हा नुकसान होतं.

उपाय वहिनींना कडू लागला. विकतची यादी पूर्ण टाकून द्यायची. “एवढी नावं घालवायची?” त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी उरले सुमारे ३४० पत्ते: पूर्वी पाळणा घेतलेले, किंवा स्वतःहून नाव नोंदवलेले. नवीन नाव आलं की आधी खात्रीचा मेल जातो. त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली तरच नाव यादीत. जाहिराती वेगळ्या उपडोमेनवरून पाठवायच्या, भावाची उत्तरं मुख्य डोमेनवरून. सुरुवातीला आठवड्याला थोडेच मेल, मग हळूहळू वाढ. विषयाच्या ओळीत खोटी घाई नाही, सगळा मजकूर एकाच चित्रात कोंबणं नाही. दोन-अडीच महिन्यांनी उत्तरं पुन्हा इनबॉक्समध्ये दिसू लागली. ३४० जणांच्या त्या यादीतून दोन मागण्या आल्या. २२०० मधून एकही आली नव्हती.

आणि बाहेर पडायची वाट सोपी ठेवा. मोठ्या प्रेषकांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि दोन दिवसांत ते नाव काढावं लागतं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही तत्त्व तेच आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं. पाहुण्याला निघायचं असेल तर दार अडवून उभं राहू नये. दार मोकळं असलं तर तो तक्रार न करता जातो, कदाचित पुन्हा येतोही.

शेवटी एक काम तुम्हा सगळ्यांसाठी, व्यवसाय असो वा नसो. आज स्पॅमची फोल्डर उघडून पाहा. ओळखीच्या लहान दुकानाचं, शाळेचं, मंडळाचं पत्र तिथे असेल तर ‘स्पॅम नाही’ असं कळवा आणि तो पत्ता संपर्कांत जोडा. स्वतः मागवलेली पत्रं नकोशी झाली असतील, तर स्पॅमचं बटण दाबू नका, ‘अनसबस्क्राइब’ करा. मात्र अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या कुठल्याही दुव्यावर टिचकी मारू नका. तिथे स्पॅमचंच बटण योग्य. घरातल्या आजी-आजोबांच्या मोबाइलवरही हे एकदा करून द्या. त्यांच्या स्पॅममध्ये एखाद्या नातवाचं पत्र निघायचं!