भाकरी, तवा आणि बावन्नचा वेग



शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी फळा पुसत होते. तेवढ्यात दाराशी सायकलची घंटी वाजली. पाहते तो माझा एक जुना विद्यार्थी! आता तो आठवीत, हायस्कुलात जातो. दप्तर पोटाशी घट्ट धरून उभा होता.

“बाई, एक विचारू? सीडीची कॉपी किती वेगाने काढायची? दुकानदार म्हणतो बावन्नच्या वेगाने, तीन मिनिटांत काम! काका म्हणतात, छे, एकच्याच वेगाने काढ, नाहीतर गेम चालणारच नाही. कोणाचं खरं?”

त्याने दप्तरातून एक सीडी काढली. खालची बाजू काळीकुळकुळीत. पहिल्या प्लेस्टेशनची गेम! हे यंत्र ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. त्याच्या बाबांना ते लहानपणी त्यांच्या मामांनी मस्कतहून आणून दिलं होतं. आता बाबा स्वतःच तिकडे नोकरीला आहेत आणि दिवाळीला घरी येणार आहेत.

सीडी मी उजेडात धरली, तर तिच्यावर गोल गोल ओरखडे!

“धूळ बसली होती, म्हणून शर्टाच्या टोकाने पुसली,” तो हळूच म्हणाला. “आता एका ठिकाणी अडकते. बाबांना अजून सांगितलेलं नाही.”

म्हणजे प्रश्न नुसता वेगाचा नव्हता तर! पण आधी वेगाचंच पाहू या.

विकत मिळणारी गेमची सीडी कारखान्यात साच्यातून काढतात. तिच्यावर अतिसूक्ष्म खळगे असतात. आपण कोरी सीडी लिहितो तेव्हा मात्र खळगे पडत नाहीत. कोऱ्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर काळपट खुणा उमटतात. सर्वांत छोटी खूण एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान! कुठली खूण किती लांब, यातच सगळी माहिती असते. खुणेची कड फिसकटली, की वाचणारं यंत्र गोंधळलंच म्हणून समजा.

आता आईला किंवा आजीला भाकरी भाजताना आठवा. तवा फार तापला तर भाकरी वरून करपते, आत कच्ची राहते. आच फार मंद असेल तर? ती नुसतीच वाळते आणि वातड होते. म्हणजे पीठ, तवा आणि आच यांचा मेळ बसला पाहिजे. सीडीचंही अगदी तसंच असतं, बरं का!

‘१ चा वेग’ म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. या वेगाने ७४ मिनिटांची सीडी भरायला ७४ मिनिटंच लागतात. १६ च्या वेगाने जेमतेम पाच मिनिटं. आणि ५२? तो आकडा फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला गाठला जातो. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि आत वेग निम्म्याहूनही कमी असतो. कडेला पोचेपर्यंत चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास गरगरत असते! लेसरला प्रत्येक खुणेसाठी मिळणारा वेळ अगदीच थोडा. म्हणून घाईत काढलेली प्रत बहुधा शेवटाकडे बिघडते.

मग काकांचं खरं का? त्यांचंही एके काळी खरंच होतं. १९९० च्या दशकात सीडी लिहिणारी यंत्रं १, २, ४ अशा वेगाची होती आणि चकत्याही त्याच वेगासाठी बनवलेल्या. शिवाय संगणक हळू. माहिती पुरवता पुरवता तो मध्येच थांबला, तर लेसरपुढे लिहायला काहीच उरायचं नाही आणि चकती वाया जायची. त्यामुळे ‘सावकाश लिहा’ हा सल्ला सोळा आणे योग्य होता. २००० सालच्या सुमारास सॅन्यो कंपनीची ‘बर्न-प्रूफ’ युक्ती आली. माहिती संपली तर लेसर थांबतो आणि पुन्हा त्याच जागेवरून पुढे लिहितो. चकत्याही बदलल्या. ५२ चा शिक्का असलेल्या चकतीचा रंग जास्त वेगासाठीच तयार केलेला असतो. ती फारच हळू लिहिली तर उष्णता खुणेच्या आजूबाजूला पसरू शकते. चकत्या बदलल्या, पण सल्ला मात्र तोच राहिला!

आणखी एक गंमत. तवा तापला का हे पाहायला आपण त्यावर पाण्याचा शिंतोडा उडवतो ना? सीडी रायटरही तेच करतो. कोऱ्या चकतीवर आधीपासून कोरलेली माहिती तो वाचतो. मग आतल्या कडेला एका छोट्याशा राखीव जागेत थोडंसं लिहून पाहतो आणि लेसरची शक्ती ठरवतो.

“बाई, आपण करूनच पाहू या ना!” तो म्हणाला. आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकाला सीडी रायटर आहे. आम्ही एकाच पाकिटातल्या तीन कोऱ्या चकत्या घेतल्या. त्यावर शाळेच्या गॅदरिंगचे फोटो लिहिले. लिहून झाल्यावर ‘पडताळणी’ करायला सांगितलं, म्हणजे मूळ माहिती आणि प्रत संगणक ताडून पाहतो. ५२ ची चकती शेवटाकडे नापास झाली. दुसरीसाठी आम्ही ४ चा वेग निवडला, तर रायटरने आपणहून ८ धरला! त्याहून हळू त्याला लिहिताच येत नव्हतं. ती पास झाली, पण दोनदा अडखळून. १६ ची मात्र सरळ पार पडली. तीन चकत्यांवरून नियम ठरत नाही, हे मीही त्याला सांगितलं. पण ‘जितकं हळू तितकं चांगलं’ ही समजूत तपासून घ्यायला हवी, एवढं नक्की कळलं.

सांगायचं तर इतकंच, की चकतीवर छापलेल्या वेगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा वेग घ्या. ५२ ची सीडी असेल तर १६ किंवा २४. आणि पडताळणी कधी टाळू नका. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी यासाठी नको. ती प्रकाश फारच कमी परत पाठवते आणि जुन्या यंत्रांना ती नीट दिसत नाही.

“वेगाने लिहिली तर गेमही वेगाने चालेल?” त्याने विचारलं. नाही रे बाबा! प्लेस्टेशन आपल्याच चालीने वाचतं, जास्तीत जास्त २ च्या वेगाने.

पण आता खरी मेख ऐका. अशी प्रत मूळ प्लेस्टेशनमध्ये घातली तर यंत्र ती नाकारतं. अस्सल चकतीवरची सुरुवातीची वाट कारखान्यात मुद्दाम किंचित डुलती ठेवलेली असते. त्या डुलण्यात एक सांकेतिक खूण दडवलेली असते. कोऱ्या सीडीवरची वाट आधीच आखलेली असते, त्यामुळे रायटरला ती खूण काढताच येत नाही. काळ्या रंगाचा याच्याशी काही संबंध नाही. तो लेसर त्यातून आरपार जातो. किती तरी मुलांनी तेव्हा चकत्यांवर चकत्या वाया घालवल्या असतील आणि दोष दिला असेल वेगाला! यंत्रात फेरफार करून हे कुलूप चुकवणारे लोक असतात, पण आपण त्या वाटेला जायचं नाही. स्वतःच्या विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची, तो खराब होईल म्हणून, एक जपणुकीची प्रत काढायला आपला कॉपीराइट कायदा परवानगी देतो. मित्राला वाटायला मात्र नाही!

त्याचा चेहरा उतरला. “मग कॉपीचा उपयोग काय?”

उपयोग आहे ना! प्लेस्टेशनसारखे वागणारे प्रोग्रॅम संगणकावर असतात, त्यांना एम्युलेटर म्हणतात. त्यात ही माहिती चालते. पण आधी ती ओरखड्यांतून सहीसलामत बाहेर यायला हवी. इथे लिहिण्यापेक्षा वाचण्याचा वेग महत्त्वाचा!

सीडीवरची माहिती विखरून ठेवलेली असते आणि जोडीला दुरुस्तीसाठी जादा आकडेही असतात. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या रीतीवर हे आधारलेलं आहे. त्यामुळे वाटेवरचा दोन मिलिमीटरचा तुकडा गेला तरी यंत्र तो भरून काढतं. ओरखडा मध्यापासून कडेकडे गेला असेल, तर तो प्रत्येक फेऱ्यात जरासाच आडवा येतो. पण गोल ओरखडा वाटेवरूनच चालत जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. म्हणून सीडी नेहमी मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल कधीच नाही!

आम्ही वाचनाचा वेग ४ वर आणला. पूर्ण सीडीची एकसंध ‘इमेज’ काढायला सांगितली, कारण नुसत्या फायली ओढून घेतल्या तर गेममधलं संगीत मागे राहू शकतं. वीस मिनिटांचं काम, पण ओरखड्यापाशी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा घरघरत राहिला. तो खुर्चीच्या कडेवर बसून होता. पाऊण तासाने पडद्यावर ‘पूर्ण’ असं आलं. एकही चूक नाही! मग ती इमेज त्याच्या पेन ड्राइव्हवर ठेवली आणि एक सीडी १६ च्या वेगाने लिहिली.

निघताना मी विचारलं, “बाबांना काय सांगणार?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “आधी ओरखड्यांचं सांगतो. मग कॉपीचं.”

क्रम अगदी बरोबर होता. हो की नाही?

मुलांनो, तुमच्या घरी अर्धवट लिहिलेली एखादी जुनी सीडी असेल, तर तिची चकचकीत बाजू खिडकीपाशी तिरकी धरून पाहा. लिहिलेला भाग कुठे संपतो, ते रंगातल्या फरकावरून ओळखू येतं का? वही घ्या आणि चित्र काढा. मात्र सीडीचा ड्राइव्ह उघडून आत डोकावायचं नाही, लेसर डोळ्यांना घातक असतो.

काय दिसलं ते मला पत्राने जरूर कळवा. मी वाट पाहते आहे.

तुमची,
बाई