बसलेले इंजिन

घरातल्या आजारी माणसापेक्षा आजारी मोटारीला सल्ले जास्त मिळतात, आणि मोटार जितकी दिमाखदार तितके वैद्य अधिक. या पावसाळ्यात आम्हां कुटुंबीयांना याचा चांगलाच प्रत्यय आला.

नागपूरच्या भाच्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. ती मामाला दाखवायला म्हणून स्वारी सिहोऱ्याला निघाली. हा मुलूख धानाच्या बांध्यांचा. गावाजवळ रस्त्यावर पाणी साचले होते. पुढचा ट्रॅक्टर गेला म्हणून हाही गेला. मध्यावर इंजिन एकदा ‘ठक्’ म्हणाले आणि गप्प झाले. भाचा पुन्हा किल्ली फिरवणार, तोच काठावरचा ट्रॅक्टर-मिस्त्री ओरडला, “नोको भाऊ, चाबी नोको फिरवू!”

त्याचे खरे होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले की वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. ट्रॅक्टरला जे गुडघ्याएवढे, ते या बुटक्या गाडीच्या नाकाशी येते.

गाडी टोचन करून नागपूरला गेली आणि घरात सभा भरली. ताई म्हणाली, “भंगारात घाल!” दाजींना विम्याचा भरवसा, पण इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण आधीच घ्यावे लागते. भाच्याला नवेच इंजिन हवे होते, आणि त्यासाठी तो घराच्या बयाण्याला साठवलेले पैसे मोडायला निघाला होता!

मी पडलो मराठीचा मास्तर. विग्रह केल्यावाचून समास ओळखू नये, एवढे मला कळते. म्हटले, आधी इंजिन खोला, मग भांडा. खोलले तेव्हा एकच दांडा वाकलेला निघाला; क्रँक आणि सिलिंडरच्या भिंती शाबूत होत्या. दुरुस्ती झाली, बयाणा वाचला.

ब्लॉकच फुटला असता तर त्याच जातीचे वापरलेले इंजिन शोधावे लागले असते. तसे करताना विकणाऱ्याचे कागद नीट पाहावेत. नोंदणीत इंजिनचा क्रमांक असतो, तेव्हा बदल परिवहन कार्यालयाला कळवावाच लागतो. आणि इंजिनचा खर्च गाडीच्या किमतीवर चालला, तर ती चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला!

गाडी दुर्मिळ आहे म्हणून मात्र एकदम हातपाय गाळू नयेत. गोव्यात १९९८ च्या सुमारास आलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी गाडीच्या पोटात रेनॉचे ११४९ सी.सी.चे, साध्या घरगुती मोटारींना चालणारे इंजिन होते. तेव्हा वरचा अंगरखा पाहून घाबरू नका. काळीज कोणाचे आहे ते विचारा. सुटे भाग त्या नावाने शोधावेत.

आणि वाचकहो, पाण्यात गाडी बंद पडलीच, तर किल्ली खिशात घाला. धक्का मारायला चार माणसे मिळतात. वाकलेला दांडा फुकट सरळ करून देणारे कोणी मिळत नाही.