आत्याच्या ओव्या आणि रुसलेले चित्र

पाली म्हटले की लोकांना बल्लाळेश्वर आठवतो. माझी पाली ती नव्हे. ही राजगडाच्या पायथ्याची, वेल्हे भागातली. इथून निघालेली वाट गडाच्या पाली दरवाजाला जाऊन भिडते. इथे माझी आत्या राहते. जात्यावर बसणे तिने केव्हाच सोडले, पण ओव्या काही तिला सोडीत नाहीत. दोन सुट्ट्यांत मी तिच्या तीनशेच्या वर ओव्या उतरवून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यापुढे माझे हे चिमूटभर पीठ. पण ते आमच्या घरच्या जात्याचे!

आत्याला हल्ली ऐकू कमी येते, नजर मात्र शाबूत आहे. एकदा तिने विचारले, "माझ्या ववीत भाऊ किती येळा आला आन बाप किती?" मीही ऐटीत सांगून बसलो, "दिवाळीला चित्रच काढून आणतो!" मराठीच्या मास्तराने आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, हे तेव्हा सुचले नाही.

पुतणी संख्याशास्त्र शिकते. तिने माझ्या संगणकावर 'आर' नावाची प्रणाली बसवून दिली होती. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती रचली. दोघांच्या नावांचे इंग्रजी आद्याक्षर तेच तिचे नाव. शिवाय फुकट मिळते, हा आमच्या पेशाला मानवणारा गुण. शब्द तिने क्षणात मोजले. चित्र काढ म्हटले, की मात्र खिडकी मिटायची आणि सारे गडप. एकदा तर संध्याकाळभर केलेल्या दुरुस्त्याही तिच्याबरोबर गेल्या. आत्याच्या एखाद्या ओवीतच काही खोट असावी, असा पापी संशय मला येऊ लागला.

पुतणीला फोन केला. तिचा पहिलाच प्रश्न मार्मिक होता : "काका, ती काही बोलून गेली, की न बोलता?" बोलली तर बरे असते म्हणे. समास फार मोठे आहेत, अशी तक्रार आली तर चित्राची चौकट ओढून मोठी करावी, की भागते. न बोलता गेली, तर दुखणे बहुधा खोल, चित्र रंगविणाऱ्या यंत्रणेत असते.

तिने आधी सगळ्या आज्ञा फाईलमध्ये जतन करायला लावल्या. मग कोरी सुरुवात, आणि ओव्यांऐवजी एक ते पाच एवढेच आकडे. साधे चित्र निमूटपणे उमटले. तेच पाच आकडे मी हौसेने घेतलेल्या नक्षीदार पॅकेजला दिले, आणि खिडकी मिटली! म्हणजे ओव्या निर्दोष होत्या. गुन्हेगार मीच. दसऱ्याला 'आर'ची नवी आवृत्ती घेतली आणि जुन्या आवृत्तीसाठी घडविलेल्या पॅकेजांचा गठ्ठा नव्या घरात तसाच उचलून आणला. नव्या इंजिनाला जुने सुटे भाग! ती सगळी पुसून नव्याने बसविली आणि चित्र उभे राहिले.

पण भाऊ, बाप, माय यांच्या जागी नुसती टिंबे. पीडीएफ काढणाऱ्या साध्या सोयीला देवनागरी उमजत नव्हती. 'रॅग' नावाचे दुसरे पॅकेज घेतले, देवनागरीचा टंक नेमून दिला, तेव्हा कुठे काने-वेलांट्या आपापल्या जागी बसल्या.

पाडव्याला पडवीत आत्यासमोर कागद धरला. तिने सगळे खांब बोटाने चाचपले. भाऊ सर्वांत उंच. ती हसली, मग बोट सरकून शेवटच्या ठेंगण्या खांबावर थांबले. "ह्यो कोन?"

"बंधू," मी तिच्या कानाशी ओरडलो.

"आरं, मंग त्यो येगळा कशाला हुबा केलास? त्यो भाऊच की!"

'आर'ने याबद्दल एका शब्दानेही तक्रार केली नव्हती. मी पिशवीतून संगणक काढला आणि आत्याशेजारी मांडी घातली.