लग्नाच्या कॅसेटमधली शेती

धायरीत आज शेत शोधायला निघालात तर दोन इमारतींच्या मधे एखादं पडीक रान सापडेल, तेही पार्किंगला दिलेलं. २०१७ साली ११ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात आपली धायरीही होती. जमिनीचे सातबारे, फेरफार, मिळकतकराच्या पावत्या सगळं जपून ठेवलंय. पण इथली माणसं शेतात कशी राबायची, कशी बोलायची-चालायची, हे कुठे बघायला मिळेल? माझ्या मते एकाच ठिकाणी: लग्नाच्या कॅसेटमध्ये. आणि त्याच कॅसेट आपण भंगारवाल्याला देतोय.

हसू नका. अमेरिका-युरोपातल्या कित्येक शेतकरी कुटुंबांकडे स्वतःचे छोटे फिल्म कॅमेरे होते. कोडॅकचा सुपर एट १९६५ चा. आपल्याकडे ती चैन कुणाला परवडणार? आपल्या दारात कॅमेरा आला तो नव्वदच्या दशकात, लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या खांद्यावर. मांडव घरापुढेच असायचा, म्हणून नवरा-नवरीच्या मागे सगळं आपोआप टिपलं गेलं: सारवलेलं अंगण, कडब्याची गंज, गोठ्यातली बैलजोडी, पंगतीत वाढणारी भावकी. आमच्या चुलत्याच्या लग्नात वरात ज्वारीच्या रानाकडेनं जाताना दिसते. त्या रानात आज सात मजली सोसायटी आहे.

कुणी म्हणेल, मोबाईलमध्ये हजारो व्हिडिओ आहेत, जुन्या कॅसेटचं काय एवढं? अहो, मोबाईल हातात येईपर्यंत रानं विकून झाली होती!

वेळ मात्र थोडा उरलाय. कॅसेटच्या फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक खराब होतो, आणि पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या फितीला बुरशी धरते. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी, तिनं २०१६ साली उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ मध्येच इशारा दिला होता, की फितीवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही ते बहुतेक गेलंच समजा. ते वर्षही सरलं.

आणि हरवणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट सांगणारा मूकपट. आज तो बघायला मिळत नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या सिनेमाची ही गत, तर आपल्या कॅसेटला कोण विचारतो?

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्याच शहरात आहे, पण त्याचं मुख्य काम सिनेमाचं. घरगुती चित्रणासाठी वेगळी सोय हवी. माझी मागणी साधी आहे. महापालिकेनं समाविष्ट गावांसाठी एका वाचनालयात दोन चालू व्हीसीआर, एक संगणक आणि एक जाणकार माणूस बसवावा. लोकांनी कॅसेट आणावी, मूळ कॅसेट आणि एक प्रत घरी न्यावी, आणि घरच्यांची लेखी परवानगी असेल तरच दुसरी प्रत तिथे ठेवावी. रस्त्याच्या एका खड्ड्याइतकाही खर्च नाही हो! अमेरिकेत ‘होम मूव्ही डे’ भरतो. लोक घरची रिळं घेऊन येतात, जाणकार तपासून देतात, मग सगळे मिळून बघतात. गावच्या जत्रेत असा एक दिवस आपल्याला का जमू नये?

तोवर घरी एवढं करा. कॅसेट उभी ठेवा, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून लांब. पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. पेनड्राईव्हवर उतरवून घेतलीत तरी मूळ कॅसेट टाकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बहुतेक कॅसेटमध्ये शूटिंगवाल्यानं वरून सिनेमाची गाणी घातलीत, माणसांचा आवाजच नाही. म्हणून चित्रण लावून आजीला समोर बसवा आणि विचारा, हा कोण, ही विहीर कुणाची, या रानाला काय म्हणायचे. ती बोलेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. फीत उद्या कुणी दुरुस्तही करेल, पण त्या रानांची नावं आजीनंतर कुणाला विचारणार?

धायरी, नऱ्हे, आंबेगाव, शिवणे, उत्तमनगरकर मंडळी, तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर खाली नुसतं ‘आहे’ लिहा. वीस-पंचवीस घरं जमली तरी नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाता येईल. अर्ज मी लिहितो.